अण्णांचा एंटर

*वाचकाचं पत्र, थोडं आखडून:*

"ताई, नमस्कार. मी सांगलीचा, वय २६. शिक्षण कॉमर्सचं, वेड प्रोग्रामिंगचं. मार्केट यार्डात काकांचं हळदीचं अडत दुकान आहे, तिथंच बसतो. २०१९ च्या पुरात गावभागातल्या घरात ठेवलेल्या जुन्या वह्यांचा लगदा झाला. तेव्हापासून डोक्यात होतं की सगळी नोंद संगणकावर घ्यायची. वर्षभर रात्री जागून वेब ॲप केलं. पीएचपी, साधं जावास्क्रिप्ट आणि थोडं जेक्वेरी वापरलंय. आवक, सौदे, पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा हिशोबाचा कागद) सगळं त्यात आहे. दिसायला झकास आहे, मित्रांनी वाहवा केली. पण आमचे दिवाणजी, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, वय ६४, ते हात लावत नाहीत. लावलाच तर अर्धवट नोंदी पडतात. शंभर वेळा सांगितलं, टॅब दाबा, एंटर नको. इंग्रजी नको म्हणाले म्हणून मराठी कीबोर्डही घालून दिला. एकदा बेरीज शून्य आली, तर चारचौघांत म्हणाले, 'तुझं यंत्र खोटं बोलतंय.' दुकानाची टॅली मात्र तेच चालवतात. सौद्याला खिशातली डायरी घेऊन जातात आणि संध्याकाळी ती बघून मी ॲपमध्ये भरत बसतो. काका म्हणतात, छंद पुरे झाला. पुण्यातला मित्र म्हणतो, तुझी पद्धतच जुनी, सगळं रिॲक्टमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टच्या नव्या तयार सांगाड्यात, नव्यानं लिही. मला वाटतं, अण्णा निवृत्त होईपर्यंत थांबावं. काय करू?"

---

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझी दया आली, दुसऱ्यांदा अण्णांची.

पत्रात एक वाक्य तू जाता जाता टाकून दिलंयस: दुकानाची टॅली मात्र तेच चालवतात. अरे, मग वयाचा प्रश्न आलाच कुठं? ज्या माणसाचा हात टॅलीसारख्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर बसलाय त्याला संगणकाची भीती आहे असं म्हणता येत नाही. तो तुझ्या ॲपला बिचकतोय, आणि त्याला कारणं आहेत. निदान तीन तरी मला इथं बसून दिसतायत.

पहिलं कारण एंटर. टॅलीत आकडा टाकला की एंटर दाबायचा, कर्सर पुढच्या घरात जातो. पुन्हा आकडा, पुन्हा एंटर. शेवटी 'मंजूर?' असं विचारतं, तिथं होय म्हटलं की नोंद पक्की. अण्णांचा उजवा हात आकड्यांच्या पॅडवर असणार आणि त्याच पॅडच्या कोपऱ्यात मोठा एंटर असतो. मान वर न करता पानभर नोंदी घालणारे दिवाणजी मी पाहिलेत. आता तुझा फॉर्म बघ. ब्राउझरमध्ये साध्या चौकटीत एंटर दाबला की तो फॉर्म पाठवून मोकळा होतो. ब्राउझर पहिल्यापासून असाच वागतो, त्यात तुझी चूक नाही. पण अण्णांनी नाव लिहिलं, सवयीनं एंटर मारला, आणि पोत्यांचा आकडा, दर, खरेदीदार असं सगळं कोरं ठेवून नोंद पडली. तू त्याला 'अर्धवट नोंदी' म्हणतोस. अण्णांच्या बाजूनं बघितलं तर त्यांनी पुढं जायला सांगितलं आणि तुझ्या ॲपनं दार लावून घेतलं.

आणि तू शंभर वेळा काय सांगितलंस? टॅब दाबा. टॅब डाव्या हाताला, कोपऱ्यात. म्हणजे प्रत्येक आकड्याला उजवा हात सोडून डावा शोधायचा. हे शंभर वेळा सांगण्यापेक्षा दहा ओळी लिहिणं सोपं होतं. चौकटीत एंटर दाबला की मूळ वागणं थांबवायचं आणि पुढच्या चौकटीवर कर्सर न्यायचा. शेवटच्या चौकटीतला एंटर तेवढा नोंद जतन करेल. शिफ्ट धरून एंटर मारला तर एक घर मागं. आज रात्री कर. उद्या सकाळी अण्णांना काही सांगू नकोस, नुसतं बघ.

टॅली कशी जन्मली ते तुला माहीत असेल, तरी सांगते, कारण ती गोष्ट तुझ्या फार जवळची आहे. १९८६ साली श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या धंद्याला बसेल असं हिशोबाचं सॉफ्टवेअर बाजारात मिळेना, म्हणून त्यांच्या मुलानं, भरत गोयंका यांनी ते लिहिलं. बापाचा धंदा, पोराचं प्रोग्रामिंग. पुढं देशभरच्या दिवाणजींच्या बोटांना जी सवय लागली ती तिथून. तुला आवडो न आवडो, तुझ्या गिऱ्हाइकाच्या हातात चाळीस वर्षांची ही सवय आयती आलीय. ती मोडायला निघालास तर हरशील. तिच्यावर स्वार हो.

दुसरं कारण ती शून्य बेरीज. ती का आली ते तू लिहिलं नाहीस, बहुतेक तुला अजून सापडलंही नसेल. माझा अंदाज सांगते, तपासून बघ. तू मोठ्या मनानं मराठी कीबोर्ड घालून दिलास. त्यावर अक्षरांबरोबर आकडेही देवनागरी उमटू शकतात. अण्णांनी १२५०० असं देवनागरीत लिहिलं. तुझ्या जावास्क्रिप्टनं ते पार्सफ्लोटकडं, म्हणजे मजकुरातून आकडा वाचणाऱ्या हुकमाकडं, दिलं. पार्सफ्लोटला फक्त इंग्रजी आकडे कळतात, देवनागरी दिसले की तो 'हा आकडाच नाही' असं उत्तर देतो. ते उत्तर पडद्यावर ओंगळ दिसतं म्हणून तू, किंवा तू जिथून कोड उचललास त्यानं, शेवटी 'नाहीतर शून्य' अशी शेपटी लावली असणार. आपण सगळे लावतो. झालं. अण्णांनी साडेबारा हजार लिहिले आणि यंत्रानं शून्य धरलं.

आता यापेक्षा भयानक सांगते. इंग्रजी आकड्यांत कुणी १२,५०० असं स्वल्पविराम घालून लिहिलं, तर तोच पार्सफ्लोट स्वल्पविरामापाशी थांबतो आणि मुकाट १२ परत देतो. बारा! शून्य निदान डोळ्यात भरतं. क्विंटलला बारा रुपये दर बेरजेत कुठंतरी दडून बसला तर पट्टी निघेपर्यंत कुणाला कळायचं नाही. अण्णा 'खोटं बोलतंय' म्हणाले ना? अगदी नेमका शब्द वापरला त्यांनी. चुकलं आणि गप्प बसलं, याला आपल्याकडं खोटंच म्हणतात.

उपाय काही अवघड नाही. आकडा वाचण्याआधी देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक कर, स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा काढ, आणि उरलेलं तरीही आकडा नसेल तर ती चौकट लाल करून तिथंच थांब. शून्य धरायचं नाही. आणि 'नंबर' प्रकारची चौकट वापरली असशील तर काढून टाक. त्यात कर्सर असताना माउसचं चाक फिरलं की आकडा आपोआप बदलू शकतो, आणि हळदीच्या दुकानात माउसचं चाक काय कशानंही फिरतं. साधी मजकुराची चौकट ठेव, मोबाइलवर आकड्यांचा कीबोर्ड यावा म्हणून इनपुटमोड दे, बस्स. दाखवताना मात्र आकडे देवनागरीत आणि लाख-हजारांच्या स्वल्पविरामांसकट दाखव. ब्राउझरला मराठी-भारत एवढं सांगितलं तरी तो हे स्वतःच करतो, त्यासाठी वेगळी लायब्ररी नको.

मराठीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक खोड सांगून टाकते. ही सापडायला मला एकेकाळी दोन आठवडे लागले होते. तुमच्या खातेदारांत कुणी कुऱ्हाडे किंवा बऱ्हाटे आडनावाचे असतील. त्यातला तो चंद्रकोरी र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात र ला स्वतंत्र खूण असलेलं युनिकोडचं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागं एक न दिसणारं, अक्षरं जोडणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. संगणकाच्या लेखी दोन वेगळी माणसं. मग एकाच शेतकऱ्याची दोन खाती होतात, एकात उचल आणि दुसऱ्यात माल, आणि भांडण दिवाणजींशी. जतन करण्याआधी एक तऱ्हा दुसऱ्यात बदलून घे. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे दोन तऱ्हांनी लिहिलेलं एकसारखं करण्याची ठरलेली रीत, इथं पुरत नाही, हे हातानंच करावं लागतं.

शोधही बघ एकदा. 'पाटील' टाकल्यावर तुझं ॲप चाळीस पाटलांची यादी काढत असेल. अण्णा कधी नुसतं पाटील म्हणतात का? ते म्हणतात कवठ्याचे पाटील, तासगावचे धाकटे. त्यांच्या डोक्यातल्या यादीत गाव आधी, नाव नंतर. गावाची पहिली दोन अक्षरं आणि मग नाव, असं शोधता आलं पाहिजे.

तिसरं कारण शब्दांचं. तुझ्या बटणांवर काय लिहिलंयस ते तू सांगितलं नाहीस, पण वेबवरचं मराठी मला पाठ आहे. 'सादर करा', 'प्रविष्ट करा', 'रद्द करा'. पैज लावून सांगते, 'रद्द करा' आहेच. आता विचार कर. अडतीच्या दुकानात 'रद्द' हा शब्द कशाला लागतो? सौद्याला. सौदा रद्द होणं म्हणजे बोललेला शब्द मोडणं, यार्डात त्यावरून माणसं वर्षभर बोलत नाहीत. तू फक्त खिडकी बंद करायला ते बटण ठेवलंस आणि चाळीस वर्षं सौद्यात घालवलेला माणूस त्यावर बोट ठेवायला कचरतोय. ते घाबरट नाहीत, त्यांना त्या शब्दाचं वजन तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिथं 'मागे' लिही. 'सादर करा'च्या जागी 'नोंद करा'. 'डॅशबोर्ड'च्या जागी 'आजचे सौदे'. 'इन्व्हॉइस' लिहिलं असशील तर मला कळवूसुद्धा नकोस, पट्टीला पट्टीच म्हण.

ॲपल कंपनीत लिसा हा संगणक घडत असताना असाच एक किस्सा झाला होता. लोकांना समोर बसवून चाचण्या घेत होते. एका खिडकीतल्या बटणावर 'हे कर' अशा अर्थाचे दोन छोटे इंग्रजी शब्द होते. एक जण वैतागला. विचारल्यावर म्हणाला, हे मला मूर्ख का म्हणतंय? त्या अक्षरवळणात ते दोन शब्द जोडून वाचले की इंग्रजीत 'मूर्ख' असा शब्द होत होता. बनवणाऱ्यांनी ते बटण हजार वेळा पाहिलं असेल, कुणाला दिसलं नाही. मग तिथं 'ओके' आलं. तेव्हा तुझ्या मित्रांची वाहवा बाजूला ठेव. त्यांनी तुझं ॲप पाहिलंय, वापरलेलं नाही.

आता मित्राच्या सल्ल्याकडं येते. सगळं नव्यानं लिहायचं का? नाही.

कारण सरळ आहे. वर सांगितलेल्या तिन्ही चुका तू रिॲक्टमध्येही अशाच्या अशा घेऊन जाशील. एंटर तिथंही फॉर्म पाठवेल आणि पार्सफ्लोट तिथंही बाराच देईल. सहा महिने जातील आणि अण्णा डायरीच काढतील. रिॲक्ट वाईट नाही, २०१३ पासून आहे, शिकायचं असेल तर जरूर शीक, पण स्वतःच्या वेगळ्या खेळण्यावर. गेल्या पंधरा वर्षांत जावास्क्रिप्टच्या फ्रेमवर्कांचं, म्हणजे अशा तयार सांगाड्यांचं, नुसतं पेव फुटलंय. पेव म्हणजे काय ते सांगलीकराला सांगायला नको, हरिपूरला जाऊन जमिनीतली ती हळदीची कोठारं बघितलीच असशील. पेवात माल ठेवताना जुने लोक आधी जमीन बघायचे, पाणी लागेल का ते बघायचे. ॲंग्युलरजेएस नावाचं फ्रेमवर्क २०१० ला आलं, लोकांनी त्यावर दुकानंच्या दुकानं उभी केली. २०१६ ला त्याच नावाची पुढची आवृत्ती आली ती जुन्याशी न जुळणारी, आणि २०२१ संपता संपता जुन्याचा आधार काढून घेतला. तिकडं जगातलं पहिलं संकेतस्थळ, १९९१ चं, आजच्या ब्राउझरमध्ये साध्या पानासारखं उघडतं. तुझं साधं एचटीएमएल ही लाजण्यासारखी गोष्ट नाही.

मोडून नव्यानं बांधायचा मोह मोठमोठ्यांना झालाय. नेटस्केपचा ब्राउझर एके काळी बाजारात पुढं होता. त्यांनी जुना कोड टाकून नव्यानं लिहायला घेतला. चौथी आवृत्ती १९९७ ची, त्यानंतर थेट सहावी, २००० च्या नोव्हेंबरात. पाचवी आलीच नाही. मधल्या तीन वर्षांत मायक्रोसॉफ्टनं मैदान मारून नेलं होतं.

डायरीबद्दल थोडं सविस्तर बोलायचंय, कारण तू तिला शत्रू समजतोयस.

सौदे निघतात तेव्हा काय होतं ते आठव. गर्दी एका ढिगाकडून दुसऱ्या ढिगाकडं सरकते. अण्णा उभे, एक हात मोकळा नाही, बोटांना हळदीची पूड, डोक्यावर पत्र्याचा उजेड किंवा बाहेर ऊन. दर फुटतो आणि पाच सेकंदांत पुढचा ढीग. या जागी खिशातली डायरी आणि पेन्सिल यांच्यापेक्षा सरस यंत्र मला तरी माहीत नाही. तिला चार्जिंग लागत नाही, पुडीच्या बोटांनी ती अडत नाही. तुझा फोन तिथं हरणारच. माझं स्पष्ट मत आहे की सौद्याची जागा डायरीला सोडून दे. तुझं ॲप दुकानात परतल्यावर सुरू होऊ दे, डायरी टेबलावर उघडी पडल्यानंतर.

मग डायरी समोर ठेवून तिची रचना बघ. कोणता आकडा आधी येतो, कोणता नंतर? लॉट, पोती, दर, खरेदीदार असा त्यांचा क्रम असेल आणि तुझा फॉर्म आधी शेतकऱ्याचा मोबाइल नंबर मागत असेल, तर अण्णांचे डोळे प्रत्येक ओळीला उड्या मारतात. तुझ्या फॉर्मचा क्रम डायरीचा कर, दुसरं काही नको. एका पानावर किती ओळी बसतात ते मोज. पंचवीस असतील तर तुझ्या पडद्यावरही पंचवीस दिसल्या पाहिजेत. एका सौद्याला एक कार्ड, त्याला सावली, मध्ये हातभर मोकळी जागा, असली सजावट मोबाइलवरच्या जाहिरातीत शोभते. दिवाणजीला वरची ओळ आणि खालची ओळ एकत्र दिसायला हवी, चूक तिथंच पकडली जाते. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क काढलं आणि हिशोब करणाऱ्या लोकांनी त्या एका प्रोग्रामसाठी संगणक विकत घेतले. त्यात काय होतं? आडव्या-उभ्या रेघा आणि घरं, आपल्या खतावणीसारखीच.

पांढऱ्यावर राखाडी अक्षरं असतील तर काळी कर. वेब सुलभतेच्या निकषांत अक्षर आणि पार्श्वभूमीतला फरक किमान ४.५ ला १ मागितलाय. चौसष्टच्या डोळ्यांसाठी तू त्याहून पुढं जा.

आणि वहीची एक गोष्ट आपण संगणकवाले कायम विसरतो. वहीत खोडरबर चालत नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा, शेजारी सही. जुना आकडा रेघेखाली वाचता येतो, आणि म्हणूनच त्या वहीवर लोकांचा विश्वास असतो. तुझ्या ॲपमध्ये 'बदला' दाबलं की जुना दर कुठं जातो? गायब होत असेल तर अण्णा त्यावर सही कशी करतील?

हे मी पुस्तकातलं सांगत नाही, पोळून सांगतेय. १९९६ च्या सुमारास सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेसाठी मी फॉक्सप्रो या तेव्हाच्या डेटाबेस प्रोग्राममध्ये पिग्मीचं, म्हणजे रोजच्या बचत वसुलीचं, सॉफ्टवेअर लिहिलं होतं. स्वतःवर फार खूश होते मी. प्रत्येक गोष्टीला 'खात्री आहे का? हो/नाही' अशी खिडकी ठेवली होती. सुरक्षित, नाही का? दिवसात दोनशे वेळा हो दाबून दाबून तिथल्या क्लार्कबाईंचं बोट न वाचता हो दाबायला शिकलं. एका संध्याकाळी त्यांच्याकडून एका एजंटची पूर्ण दिवसाची वसुली पुसली गेली. खात्री आहे का? हो. आता फॉक्सप्रोत पुसलेली नोंद लगेच जात नसे, तिच्यावर नुसती खूण पडायची. रिकॉल असा हुकूम दिला की परत यायची. पण मी हुशार! फाइल फुगू नये म्हणून दर संध्याकाळी बंद करताना पॅक चालवायची सोय मीच केली होती. पॅक म्हणजे खुणा केलेल्या नोंदी कायमच्या साफ. दुसऱ्या दिवशी एजंटच्या डायरीवरून रात्री दोनपर्यंत आम्ही सगळं पुन्हा भरलं. त्या बाई मला म्हणाल्या, "मॅडम, हो म्हणायची सवय तुम्हीच लावलीत की."

तेव्हापासून मी खात्री विचारत नाही. पुसू देते आणि परत आणायची सोय ठेवते. तूही नोंद खरोखर कधीच पुसू नकोस. जुनी ओळ रेघ मारलेली दाखव, कुणी आणि केव्हा बदलली ते शेजारी बारीक अक्षरात. तुझ्या डेटाबेसला हे अजिबात जड नाही, वर्षभराचे सगळे सौदे मिळून मोबाइलमधल्या दोन-चार फोटोंएवढी जागा घेतील. आणि त्या सगळ्याची रोज एक प्रत सांगलीबाहेर जाऊ दे. वह्यांचं काय झालं ते तू पाहिलंयस, दुकानातल्या संगणकाला काही कृष्णामाईनं वेगळं वचन दिलेलं नाही.

काकांचं 'छंद पुरे' मी फार मनावर घेतलं नाही, तूही घेऊ नकोस. त्यांना रोज संध्याकाळी काय दिसतं? पोरगा डायरी बघून तासभर टंकतोय. त्या दृश्याला मीही छंदच म्हटलं असतं. ज्या दिवशी अण्णा स्वतः भरतील आणि तू मोकळा बसशील त्या दिवशी विषय आपोआप बंद होईल.

निवृत्तीची वाट बघायची कल्पना तेवढी डोक्यातून काढ. अण्णा गेले की डायरीची रचना, कवठ्याचे पाटील आणि तासगावचे धाकटे कोण, कुणाच्या मालात ओल निघते, हे सगळं त्यांच्याबरोबर जाईल. उरेल ते तुझं झकास ॲप आणि त्यात भरायला काय हे न कळणारा एक नवा पोरगा. सौद्याच्या दिवशी एक पूर्ण दिवस त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बस. मदत करायची नाही, 'इथं दाबा' म्हणायचं नाही, हे सगळ्यात अवघड आहे. ते कुठं थांबतात, कुठं वहीकडं परत बघतात, कुठं पुटपुटतात, तेवढं लिहून ठेव. चहा तू सांग.

एक माणूस तुझ्या पत्रात आलाच नाही. शेतकरी. तो तुझ्या ॲपला कधी हात लावणार नाही, पण तुझं काम सगळ्यात बारकाईनं तोच वाचतो, पट्टीवर. त्याला आधी हातात येणारी रक्कम बघायची असते. ती सगळ्यात मोठी छाप. मग पोती, वजन, दर. मग हमाली, तोलाई, भाडं, उचल असेल तर ती, प्रत्येक कपात वेगळ्या ओळीत, 'इतर' नावाची ओळ बिलकूल नको. दुकानाचा लोगो कितीही सुंदर केलास तरी खाली घाल.

आणि अक्षरी रक्कम छाप, ती हवीच. इथं तुझ्यातल्या प्रोग्रामरची मजा आहे. इंग्रजीत वीसपर्यंतचे आणि दशकांचे शब्द शिकले की पुढचे आकडे जोडून बनवता येतात. मराठीत एक ते नव्व्याण्णव जवळजवळ प्रत्येक आकड्याला स्वतंत्र शब्द, नियम लावायला गेलास की फसलास. एकोणऐंशी, एकोणनव्वद इथपर्यंत गाडी रुळावर असते आणि नव्व्याण्णवला घसरते. शंभर शब्दांची यादी हातानंच लिहावी लागते. ती इंटरनेटवरून उचलू नकोस, निम्म्या याद्यांत चुका असतात. कागद घे, अण्णांसमोर बस, त्यांना एकापासून म्हणायला सांग आणि तू लिहून घे. त्रेसष्ट की त्रेसठ, अठ्ठ्याहत्तर कसं लिहायचं, यावर तुमचं भांडण होईल. तिथं त्यांचं ऐक, पट्टी तेच वाचून दाखवणार आहेत.